सागरतळाचे पहिले विद्यार्थी

समुद्राशी मनुष्याचा परिचय फार जुना आहे. परंतु तो परिचय कित्येक शतके केवळ पृष्ठभागापुरताच होता. वारा कोणत्या महिन्यात कोणीकडून वाहतो, प्रवाह जहाजास कोणत्या दिशेने ओढतो, खडक कोठे आहेत आणि बंदराच्या तोंडाशी पाणी किती वाव आहे, एवढे ज्ञान तांडेलास पुरत असे. त्यास समुद्र ओलांडावयाचा असे, समुद्र जाणावयाचा नसे. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावरचा कोळी दोन्ही हात पसरून दोराची वाव मोजतो. इंग्रज खलाशाचा फॅदम तो हाच, सहा फुटांचा. पसरलेल्या दोन हातांच्या या घरगुती मापाने महासागराचा तळ मोजून काढावा असे ज्या लोकांच्या मनात आले, आणि ज्यांनी त्यासाठी आयुष्याची साडेतीन वर्षे एका लाकडी जहाजावर घालविली, त्यांची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश आरमाराचे जहाज १८५८ साली बांधून पाण्यात सोडलेले होते. त्यावर वाफेचे यंत्र होते खरे. पण कोळसा महाग, आणि जगाच्या ज्या भागांत जावयाचे तेथे तो मिळण्याची शाश्वती नाही. म्हणून प्रवास शिडांवर करावयाचा आणि खोली मोजताना जहाज एका जागी स्थिर ठेवण्यासाठी मात्र वाफेचा उपयोग करावयाचा, असा साधारण नियम होता. १८७२ च्या डिसेंबरात हे जहाज पोर्टस्मथहून निघाले व १८७६ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस स्वदेशी परत आले. या अवधीत त्याने सुमारे ६९,००० सागरी मैलांची मजल मारली आणि ३६२ ठिकाणी थांबून समुद्राची पद्धतशीर परीक्षा केली. निघण्यापूर्वी दोन खेरीज करून बाकीच्या सर्व तोफा उतरविण्यात आल्या आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत प्राणिशास्त्राची कामखोली, रसायनशाळा व छायाचित्रांसाठी काळोखी खोली बांधण्यात आली. दारूगोळ्याच्या जागी मद्यार्काच्या बरण्या आल्या.

या मोहिमेचे शास्त्रीय नेतृत्व एडिंबरा विद्यापीठातील सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक चार्ल्स वायव्हिल थॉमसन यांजकडे होते. त्यांच्या हाताखाली जॉन मरे, हेन्री मोझली आणि रुडॉल्फ फॉन विल्मोस-झूम हा तरुण जर्मन असे तीन सृष्टिशास्त्रज्ञ, जॉन ब्युकॅनन हे रसायनशास्त्रज्ञ, व जॉन जेम्स वाइल्ड हे चित्रकार आणि चिटणीस होते. म्हणजे शास्त्री मंडळी सहा आणि त्यांच्या भोवती अधिकारी, खलाशी, सुतार, आगवाले व पोरसवदा मुले मिळून सुमारे २४० माणसे. हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे. ग्रंथांतून नावे सहांची येतात. दोर मात्र बाकीच्यांनी ओढला.

ते काय शिकावयास निघाले होते हे समजण्यासाठी त्या काळची समजूत थोडक्यात सांगितली पाहिजे. एडवर्ड फोर्ब्ज या बुद्धिमान सृष्टिशास्त्रज्ञाने १८४१-४२ साली एजियन समुद्रात जाळी ओढून पाहिली होती. जसजसे खोल जावे तसतसे प्राणी विरळ होत जातात असे त्यास आढळले, आणि त्या उतरत्या प्रमाणावरून त्याने अनुमान काढले की, सुमारे ३०० वावांखाली जीवसृष्टी नसावी. अनुमान मोठे सुबक होते. जेथे सूर्यप्रकाश नाही, वनस्पती नाही, पाण्याचा दाब भयंकर आणि थंडी कडक, तेथे कोण जगणार, असा प्रश्न सामान्य बुद्धीलाही पडतो. आणि सामान्य बुद्धीस जे पटते ते सिद्धच आहे असे मानण्याकडे मनाचा कल असतो. वास्तविक याविरुद्ध पुरावा येऊन पडलाच होता. १८६० साली भूमध्य समुद्रातून दुरुस्तीसाठी वर काढलेल्या तारायंत्राच्या दोरास १,२०० वाव खोलीवरची प्रवाळे चिकटून आलेली होती. खुद्द थॉमसन यांनी १८६८ पासूनच्या दोन-तीन लहान मोहिमांत बरेच खोलवरचे प्राणी काढून दाखविले होते. फोर्ब्ज याने एका समुद्रावरून सर्व समुद्रांचा निवाडा केला, आणि तो समुद्र नेमका जीवसृष्टीच्या बाबतीत दरिद्री निघाला, एवढीच त्याची चूक. योगायोग असा की, ज्या आसनावर आयुष्याच्या अखेरीस फोर्ब्ज बसला होता त्याच एडिंबऱ्याच्या आसनावर पुढे थॉमसन आले. पूर्वसूरींचे मत खोडण्याचे काम त्यांच्याच आसनावर बसून करावे लागले.

आता प्रत्यक्ष काम कसे चाले ते पाहू. ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर शिडे गुंडाळीत, यंत्र चालू करीत आणि जहाजाचे तोंड वाऱ्याकडे ठेवून ते दोराच्या बरोबर वर राहील अशी खटपट करीत. मग तागाचा बारीक पण बळकट दोर, शेवटास लोखंडी नळी व तिजवर हंड्रेडवेटांच्या हिशेबाची वजने अडकवून, पाण्यात सोडीत. नळी तळास टेकली की वजने आपोआप निसटून तेथेच राहत आणि नळीत तळाचा थोडा चिखल भरून येई. पण दोन-तीन हजार वाव खाली वजन टेकले हे वर उभ्या असलेल्या माणसास कळावे कसे? हातास तो धक्का लागत नाही, आणि दोर स्वतःच्याच भाराने सुटतच राहतो. म्हणून एक अधिकारी घड्याळ घेऊन बसे आणि दर शंभर वाव दोर जाण्यास किती वेळ लागला हे टिपून घेई. तो अवधी हळूहळू वाढत जाई. पण एकाएकी तो बराच वाढला म्हणजे वजन तळास लागले असे समजावयाचे. न दिसणाऱ्या गोष्टीची वार्ता घड्याळाच्या काट्यावरून काढण्याची ही युक्ती! त्यानंतर दोर वर घेणे, निरनिराळ्या खोलींवर तापमापके सोडणे, पाण्याचे नमुने भरणे आणि शेवटी जाळे टाकून ते तळावरून ओढणे. खोल पाण्यात एवढे सगळे करावयास पहाटेपासून संध्याकाळ होई. दुसऱ्या दिवशी शिडे उभारून पुढे जावयाचे आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

पहिल्या काही आठवड्यांत जाळे वर येण्याची वेळ झाली म्हणजे जहाजावरील लहानथोर सर्व माणसे कठड्याशी गर्दी करीत. पाताळातून काय अद्भुत निघते हे ज्यास त्यास पाहावयाचे असे. पण पाताळातून बहुधा राखाडी चिखल निघे, आणि त्या चिखलात थोडे किडे, थोडे स्पंज, काही तारामत्स्य. हळूहळू गर्दी ओसरली. पुढे जेवणाच्या वेळी जाळे वर आले तर शास्त्री मंडळींपैकीही सर्वजण उठून येतीलच असा नेम राहिला नाही. जाळे ओढण्यास इंग्रजीत जो शब्द आहे त्यातील एक अक्षर बदलून खलाशांनी त्याचा अर्थ कंटाळवाणी हमाली असा करून टाकला होता. या विनोदात कडवटपणा होता आणि तो अगदी अकारण नव्हता. ज्या कामाचा हेतू आपणांस कोणी नीट सांगितला नाही ते काम दिवसभर करणे ही शिक्षाच होय.

आणि शिक्षेपेक्षाही अधिक काही होते. १८७३ च्या मार्च महिन्यात वेस्ट इंडीज बेटांजवळ जाळे तळाशी अडकले असता दोराचा ताण असह्य होऊन एक लोखंडी कप्पी उखडून सुटली आणि तिच्या तडाख्याने विल्यम स्टोक्स नावाचा खलाशी-पोर प्राणास मुकला. ज्या समुद्राची खोली ते मोजीत होते त्यातच त्याला सोडावे लागले. पुढल्या वर्षी न्यूझीलंडकडे जाताना शिसे टाकून खोली पाहणारा एक खलाशी लाटेबरोबर वाहून गेला. १८७५ च्या सप्टेंबरात, हवाई आणि ताहिती यांच्या दरम्यान, विल्मोस-झूम हा विसर्परोगाने वारला. त्याचे अठ्ठाविसावे वर्ष दोनच दिवसांपूर्वी पुरे झाले होते. याखेरीज बंदरोबंदरी पुष्कळ खलाशी पळून गेले, काही आजारी म्हणून परत पाठविले गेले. निघताना होते त्यांपैकी जेमतेम १४४ माणसे अखेरपर्यंत जहाजावर होती असे सांगतात. विज्ञानाच्या इतिहासात हा हिशेब क्वचित मांडला जातो. पण तो मांडल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

या श्रमांतून निष्पन्न काय झाले? पुष्कळ झाले, परंतु मला त्यांतील दोन प्रसंग विशेष बोधप्रद वाटतात, कारण त्या दोहोंत शिकविणारेच शिकले.

पहिला प्रसंग तळावरील चिखलाचा. अटलांटिकच्या तळावर शेकडो मैल जो पांढुरका चिखल पसरलेला आहे तो ग्लोबिजेरिना नावाच्या अतिसूक्ष्म प्राण्यांच्या चुनखडी कवचांचा आहे, हे पूर्वीच ठाऊक होते. प्रश्न एवढाच की, हे प्राणी तळावरच जगतात व मरतात, की वर जगतात आणि मेल्यावर त्यांची कवचे खाली पडतात? थॉमसन यांचे मत पहिल्या प्रकारचे होते. मरे हे त्यांचे साहाय्यक. त्यांनी वाद घातला नाही. बारीक कापडाची जाळी घेऊन त्यांनी पृष्ठभागाचे आणि मधल्या थरांचे पाणी दिवसेंदिवस गाळले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तळाच्या चिखलात ज्या जातींची कवचे सापडत, त्याच जातींचे प्राणी त्या त्या प्रदेशात वरच्या पाण्यात जिवंत आढळले. थॉमसन यांनी आपले मत सोडले, आणि सोडले असे छापूनही सांगितले. यातून पुढे एक मोठे तत्त्व हाती आले. समुद्राचा तळ वरून सतत पडणाऱ्या बारीक पावसाने बनत असतो. अगदी खोल ठिकाणी मात्र ती चुनखडी विरघळून जाते आणि उरते ती तांबडी माती. ही माती इतक्या मंद गतीने साचते की, तीत लुप्त झालेल्या शार्क माशांचे दात, देवमाशांच्या कानांची हाडे व आकाशातून पडलेले उल्काधूलीचे कणही उघडे सापडले.

दुसरा प्रसंग याहून मनोरंजक. थॉमस हक्सले या विख्यात शास्त्रज्ञाने १८६८ साली अटलांटिकच्या तळावरून पूर्वी आणलेला चिखल तपासला असता त्यास त्यात एक बुळबुळीत पदार्थ दिसला. हा अत्यंत आदिम असा जिवंत रस असून तो सर्व सागरतळावर पसरलेला असावा असे मानले गेले व त्यास बॅथिबियस असे भारदस्त नाव मिळाले. जड आणि जीव यांमधील दुवा सापडला म्हणून पुष्कळांना धन्यता वाटली. ‘चॅलेंजर’वरील मंडळींनी तो शोधला, ताज्या चिखलात तो मिळेना. ब्युकॅनन यांनी विचार केला की, तळ जर जिवंत रसाने आच्छादलेला असेल तर तळालगतच्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य सापडलेच पाहिजे. पाणी आटवून, अवशेष तापवून पाहिला. तो जळून काळा झाला नाही. मग ध्यानात आले की, हा रस जुन्या बरण्यांत दिसतो, म्हणजे ज्यांत नमुना टिकविण्यासाठी मद्यार्क ओतला आहे त्यांतच. समुद्राच्या पाण्यात तीव्र मद्यार्क मिसळला की त्यातील गंधकाम्लयुक्त चुना, म्हणजे आपला जिप्सम, गुठळ्यांच्या रूपाने खाली बसतो. बॅथिबियस तो हाच! आदिजीव म्हणून ज्याची पूजा चालली होती ते बरणीत घडलेले एक रासायनिक साखे निघाले. १८७५ साली थॉमसन यांनी ही बातमी हक्सले यांस पत्राने कळविली. आणि हक्सले यांनी ती स्वतःच प्रसिद्ध करून चुकीची जबाबदारी आपल्याकडे घेतली. जगभर कीर्ती असलेल्या पंडिताचे मत जहाजावरील हेलकावणाऱ्या मेजावर, दोन-चार बरण्या आणि एक दिवा यांच्या बळावर खोडले गेले, आणि तसे झाल्याबद्दल कोणी कोणाचा वैरी झाला नाही, हे मला त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

याखेरीज तापमानाच्या नोंदी होत्या. विषुववृत्तावर, जेथे वरचे पाणी हातास कोमट लागते, तेथेही तळाचे पाणी जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत थंड आढळले. हे पाणी ध्रुवांकडून तळातळाने सरकत आले असले पाहिजे. पण शेजारशेजारच्या दोन प्रदेशांत तळाच्या पाण्याच्या थंडीत फरक पडे. त्यावरून मार्गदर्शक अधिकारी टिझार्ड यांनी ताडले की, मध्ये कोठेतरी पाण्याखाली डोंगराचा बांध असून तो थंड पाण्यास अडवीत असावा. अटलांटिकच्या मध्यातून गेलेली पर्वतरांग आज शाळेच्या नकाशातही असते. तिचा माग त्या वेळी तापमापकावरून निघाला. १८७५ च्या मार्चच्या २३ तारखेस पश्चिम पॅसिफिकमध्ये दोर सुटतच राहिला. एकदा मोजून समाधान होईना म्हणून दुसऱ्यांदा मोजले. खोली भरली ४,४७५ वाव, म्हणजे २६,८५० फूट. पाण्याच्या दाबाने काही तापमापके फुटून गेली. त्याच भागात १९५१ साली ‘चॅलेंजर’ याच नावाच्या दुसऱ्या ब्रिटिश जहाजाने ध्वनीच्या साहाय्याने सुमारे ३६,००० फुटांची खोली शोधली, आणि १९६० साली पिकार व वॉल्श ही दोन माणसे तेथे प्रत्यक्ष उतरून आली. त्या मूळ दोराचे टोक सर्वांत खोल विवराच्या बरेच जवळ जाऊन आले होते.

मात्र या जहाजावर कोण काय शिकले हा प्रश्न विचारला तर उत्तर केवळ या शोधांनी पुरे होत नाही. जोसेफ मॅट्किन हा विशीच्या आतबाहेरचा तरुण कोठारातील हाताखालचा मदतनीस होता. तो शिधा मोजून देई आणि घरी लांबलचक पत्रे लिही. त्या पत्रांत खोली, तापमान, बेटे, तेथील माणसे, यांची वर्णने मोठ्या जाणतेपणाने केलेली आहेत. आणि शास्त्री मंडळी खलाशांस काही समजावून सांगण्याच्या बाबतीत किती कृपण होती हेही त्यांवरून कळते. ती पत्रे ग्रंथरूपाने छापून निघाली ती १९९२ साली, म्हणजे प्रवास संपून एक शतक उलटून गेल्यावर. दुसरा फ्रेडरिक पिअर्सी. हा मुलगा हलक्यासलक्या कामासाठी नोकर म्हणून जहाजावर आला. शास्त्रज्ञांच्या खोलीत बरण्या धुता धुता, चिखल चाळता चाळता त्याचे डोळे तयार झाले. परत आल्यावर एडिंबऱ्यास नमुन्यांची व्यवस्था लावण्यासाठी जी कचेरी उघडली तीत त्यास काम मिळाले. आणि १९१४ साली अंटार्क्टिक समुद्रातून आणलेल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवर त्याच्या स्वतःच्या नावाने शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला. कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीवाचून मिळालेली ही विद्या. मॅट्किन याच्याजवळ जिज्ञासा होती, पण दार बंद होते. पिअर्सी यास दार थोडे उघडे सापडले. दोघांत अंतर बुद्धीचे नसून त्या दाराचे होते, असे मला वाटते. शेकडो माणसांच्या त्या जहाजावर आणखी किती पिअर्सी होऊ शकले असते याचा विचार मनास चटका लावतो.

मोहिमेचा अहवाल पन्नास खंडांत छापला गेला आणि त्यास १८९५ साल उजाडले. थॉमसन त्या कामाच्या ओझ्याखाली खचले व १८८२ साली वारले. पुढचे सर्व काम मरे यांनी नेटाने शेवटास नेले. हजारो नव्या प्राणिजातींची त्यात नोंद आहे. डिट्मार यांनी पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून दाखविले की, समुद्राचे पाणी कोठे अधिक खारट, कोठे कमी असले तरी त्यातील मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असते. मरे यांनी पुढे हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटच्या व्यापारात संपत्ती मिळविली आणि तिचा काही भाग समुद्राच्या अभ्यासासाठी ठेवला. त्या पैशातून, त्यांच्या पश्चात १९३३-३४ साली, ‘मबाहिस’ हे इजिप्शियन जहाज अरबी समुद्रात फिरले. त्याचे नेते सीमूर स्यूएल हे हिंदुस्थानच्या प्राणिविषयक पाहणी-खात्याचे संचालक राहिलेले होते. ‘चॅलेंजर’ आमच्या किनाऱ्याकडे कधी फिरकले नाही. पण अशा रीतीने त्याचा वारसा आमच्या दारापर्यंत आला. त्या मोहिमेत आढळले की, अरबी समुद्रात मधल्या खोलीच्या एका जाड थरात प्राणवायू अत्यल्प आहे आणि तो थर जेथे तळास टेकतो तेथे काही ठिकाणी जाळ्यात जिवंत असे जवळजवळ काहीच येत नाही. म्हणजे फोर्ब्जचा निर्जीव प्रदेश अगदीच काल्पनिक नव्हता. कारण मात्र वेगळे होते, आणि जागाही वेगळी. खोडलेल्या मतातही सत्याचा एखादा कण असू शकतो, हा याचा बोध. त्याच समुद्राचा अभ्यास करणारी, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आज गोमंतकात काम करीत आहे.

आमच्या महाविद्यालयांत विज्ञान पुष्कळदा निष्कर्षांच्या रूपाने शिकविले जाते. खोली अमुक, तापमान तमुक, हे विद्यार्थी पाठ करतो. परंतु तो आकडा मिळावा म्हणून एक दोर किती तास सुटत होता, तो कोणी ओढला, आणि शंका येताच तो पुन्हा कोणी सोडला, हे त्यास कोणी सांगत नाही. त्यामुळे ज्ञान ही मिळवावयाची वस्तू नसून मिळालेली वस्तू आहे असा त्याचा समज होतो. ‘चॅलेंजर’चा इतिहास या समजास उत्तम उतारा आहे. तेथे गुरूंना शिष्याकडून शिकावे लागले, प्रसिद्ध मतांना बरणीतल्या गुठळ्यांपुढे माघार घ्यावी लागली, आणि धुण्यापुसण्याच्या कामावरचा एक पोरगा विद्वानांच्या पंक्तीस बसला. आकडे पुढे सुधारतात, नकाशे बदलतात. तो दोर तर केव्हाच कालबाह्य झाला. परंतु न दिसणाऱ्या तळाविषयी बोलण्यापूर्वी दोर सोडून पाहावा, आणि तो पुरला नाही तर तसे स्पष्ट म्हणावे, ही शिकवण कालबाह्य होण्यासारखी नाही.